डिस्कवरचा बॅकअप, डिड्युप्लिकेशन आणि दुसऱ्या गावची प्रत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः दवाखाने, सीए कार्यालयं, पतसंस्था, छापखाने आणि छोटे कारखाने यांच्याकडून येतात. म्हणजे जिथे २ ते २० टीबी डेटा आहे, एखाद-दुसरा सर्व्हर आहे आणि आयटी बघणारा माणूस अर्धवेळ आहे. जिथे टेप लायब्ररी (चुंबकीय फितींवर बॅकअप घेणारं यंत्र) आहे, तिथलं गणित वेगळं. ते इथे घेतलेलं नाही.

१. आमच्या सर्व्हरला रेड (अनेक डिस्कची जोडणी) आहे आणि एनएएसवर (नेटवर्कला जोडलेली डिस्कपेटी) रोज सिंकही (आपोआप कॉपी) होतं. मग वेगळा बॅकअप कशाला?

रेड एखादी डिस्क गेल्यावर काम चालू ठेवतं, एवढंच. चुकून डिलीट झालेली फाइल रेडमधल्या सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी डिलीट होते. सिंकचंही तेच: अकरा वाजता बिघडलेली एक्सेल शीट पाच मिनिटांनी एनएएसवरही बिघडलेलीच मिळते. बॅकअप म्हणायला दोन गोष्टी हव्यात. मागच्या तारखेची प्रत काढता आली पाहिजे, आणि ज्या हाताने मूळ डेटा बिघडवला त्या हाताला ती प्रत सापडता कामा नये. दुसरी अट बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

२. डिड्युप्लिकेशन म्हणजे झिप करण्यासारखंच ना?

नाही. झिप एका फाइलच्या आतली पुनरावृत्ती काढतं. डिड्युप सगळ्या साठ्यातली काढतं. बॅकअप सॉफ्टवेअर डेटाचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा, काढतं (पद्धत आता बहुधा एसएचए-२५६) आणि तो हॅश साठ्यात आधीपासून असेल तर तुकडा पुन्हा न लिहिता फक्त नोंद ठेवतं. बारा पीसींवर तेच विंडोज असेल तर त्याचे तुकडे एकदाच साठतात. कल्पना काही नवी नाही. बेल लॅब्सच्या व्हेंटी या साठवण यंत्रणेने २००२ सालीच ब्लॉकचा पत्ता म्हणून त्याचा हॅश वापरला होता.

डिड्युप आणि कॉम्प्रेशन (झिपसारखं दाबणं) दोन्ही एकत्र चालतात. क्रम मात्र महत्त्वाचा: आधी तुकडे आणि डिड्युप, मग कॉम्प्रेशन, शेवटी एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं करणं). क्रम उलटला की काय होतं ते प्रश्न ५ आणि ७ मध्ये आहे.

३. फिक्स्ड (ठरावीक आकाराचे) आणि व्हेरिएबल (कमीजास्त आकाराचे) ब्लॉक, म्हणजे तुकडे, यात आम्हाला काही फरक पडतो का?

पडतो. एखाद्या एसक्यूएल डंपच्या (डेटाबेस मजकुरात उतरवलेली फाइल) सुरुवातीला एक ओळ वाढली असं समजा. फिक्स्ड ब्लॉकमध्ये त्या ओळीनंतरचं सगळं थोडं पुढे सरकतं, प्रत्येक तुकड्याची हद्द बदलते आणि सॉफ्टवेअरला सगळाच डेटा नवा वाटतो. व्हेरिएबल पद्धतीत हद्द मजकूर बघून ठरते, त्यामुळे एक-दोन तुकडे बदलतात, बाकीचे ओळखले जातात.

व्हीएमच्या (सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक) डिस्क इमेजमध्ये असं सरकणं होत नाही, डेटा जागच्या जागी बदलतो. तिथे फिक्स्ड ब्लॉक पुरतो आणि वेगही जास्त मिळतो. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर म्हणूनच व्हीएमसाठी ४ एमबीचे ठरावीक तुकडे करतं आणि फाइलींसाठी व्हेरिएबल. रेस्टिक आणि बोर्ग या दोन्ही बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये फाइलींसाठी मुळातच व्हेरिएबल आहे.

४. विक्रेता म्हणतो डिड्युपचं २०:१ गुणोत्तर मिळेल. मग डिस्क किती घ्यायची?

ते गुणोत्तर खोटं नसतं, पण त्यावरून खरेदी करू नका. हिशोब बघा. ५०० जीबी डेटा, रोज १ टक्का म्हणजे ५ जीबी बदलतो, ३० दिवस रोज फुल बॅकअप. आकड्यांत तुम्ही १५,००० जीबीचे बॅकअप घेतले. साठ्यात मात्र ५०० अधिक २९ गुणिले ५, म्हणजे ६४५ जीबी. गुणोत्तर आलं २३:१. आता हेच काम एक फुल आणि बाकी इन्क्रिमेंटल (फक्त बदललेलं) असं केलं असतं तर? तेच ६४५ जीबी. म्हणजे तुम्ही रोज फुल घेतलंत म्हणून गुणोत्तर फुगलं. खरी बचत होते ती अनेक मशिनांत सारखा डेटा असतो तेव्हा, आणि मोठ्या फाइलीचा थोडाच भाग बदलतो तेव्हा.

तुम्हाला लागणारा आकडा म्हणजे रोज किती *नवा* डेटा तयार होतो. तो विचारून कळत नाही, मोजावा लागतो. दोन-तीन आठवडे चाचणीचा बॅकअप चालवा आणि लॉगमधला 'नव्याने लिहिलेले बाइट' हा आकडा टिपा. महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे.

समजा ३ टीबी डेटा आहे आणि रोज २० जीबी नवा. वर्षभराचं रिटेन्शन (जुने बॅकअप ठेवण्याची मुदत) हवं असेल तर कमाल अंदाज ३ टीबी अधिक ७.३ टीबी. डेटा वाढत जाणारा असेल, जसे एक्स-रेचे फोटो, तर या कमाल आकड्याच्या जवळच जाल. तेच ते पुन्हा लिहिणारा डेटाबेस असेल आणि जुन्या काळातले फक्त महिन्याचे बॅकअप ठेवत असाल, तर मधल्या आवृत्त्या गळतात आणि जागा बरीच कमी लागते. काहीही असो, वर ३० टक्के मोकळी जागा धरा. ती का, ते प्रश्न १२ मध्ये.

५. कोणत्या डेटावर डिड्युपचा काहीच उपयोग होत नाही?

जेपीईजी, एमपी४, झिप, आधीच एन्क्रिप्ट केलेल्या फाइली. यांची हुबेहूब दुसरी प्रत असेल तरच फायदा. वर्डची डॉकएक्स फाइलही मुळात झिपच असते, त्यामुळे एक परिच्छेद बदलला की आतले बाइट बरेचसे बदलतात. पण त्या फाइली लहान असतात, काळजी नको.

काळजी सीसीटीव्हीची. १६ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; ८ बिट म्हणजे १ बाइट) धरले तरी दिवसाला साधारण ३४५ जीबी होतात, आणि त्यातलं काहीच डिड्युप होत नाही. कोणीतरी रेकॉर्डिंगचं फोल्डर सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर टाकतं आणि महिन्याभरात बॅकअपची डिस्क भरते. ते फोल्डर वगळा. फुटेज ठेवायचंच असेल तर एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी) मोठी डिस्क घाला.

६. टॅली आणि एसक्यूएलचा बॅकअप चालू असतानाच घेतला तर चालतो का?

उघड्या फाइलीची नुसती कॉपी घेऊ नका. अर्धी आधीची, अर्धी नंतरची अशी प्रत तयार होते आणि ती रिस्टोअर करेपर्यंत कोणाला कळत नाही. विंडोजवर व्हीएसएस स्नॅपशॉट (उघड्या फाइलींचं एकाच क्षणाचं चित्र) घेणारं सॉफ्टवेअर वापरा. टॅलीसाठी त्याच्या जोडीला टॅलीचा स्वतःचा बॅकअपही सर्व जण बाहेर पडल्यावर घ्या. रात्री कोणीतरी कंपनी उघडी ठेवून घरी गेलेलं असतंच, म्हणून दोन्ही.

मायएसक्यूएलचा डंप सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय लावून घ्या (इनोडीबी प्रकारच्या टेबलांसाठी), आणि तो जीझिप (झिपसारखंच दाबणं) *करू नका*. जुन्या सवयीने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये शेवटी जीझिप असतंच. त्याने डिड्युपवर पाणी पडतं: एक नोंद बदलली तरी तिथून पुढची सगळी झिप बदलते. एसक्यूएल सर्व्हरमध्येही बॅकअप कॉम्प्रेशन बंद ठेवा. ते काम पुढे बॅकअप सॉफ्टवेअर करतं.

७. एन्क्रिप्शन लावलं की डिड्युप बंद पडतं असं ऐकलं. खरं का?

मूळ डेटा आधीच एन्क्रिप्ट होऊन येत असेल तर खरं. बॅकअप सॉफ्टवेअरने तुकडे करून नंतर एन्क्रिप्ट केलं तर काही बिघडत नाही. रेस्टिकमध्ये एन्क्रिप्शन नेहमीच असतं, बोर्गमध्ये साठा तयार करतानाच ठरवावं लागतं. दुसऱ्याच्या जागेत किंवा क्लाउडवर प्रत जाणार असेल तर लावाच.

पासवर्ड आणि की-फाइल मात्र त्याच सर्व्हरवर ठेवू नका. कागदावर छापा, एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, एक मालकांच्या घरी. की गेली तर सॉफ्टवेअर लिहिणारेसुद्धा डेटा काढून देऊ शकत नाहीत.

८. दोन वेगळ्या तुकड्यांचा हॅश सारखा आला तर?

एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धतीची टक्कर (दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश) २०१७ मध्ये मुद्दाम घडवून दाखवली गेली. एसएचए-२५६ची अशी एकही ज्ञात नाही. त्यापेक्षा रॅममधला एखादा बिट उलटण्याची शक्यता कितीतरी जास्त, म्हणून बॅकअप सर्व्हरला ईसीसी रॅम (अशी चूक ओळखून दुरुस्त करणारी) घ्या आणि या प्रश्नावर वेळ घालवू नका.

९. साठ्यातला एखादा तुकडाच खराब झाला तर?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हा आहे, आणि तो कमी लोक विचारतात.

साध्या कॉपीत सोमवारची फाइल खराब झाली तरी रविवारची असते. डिड्युप साठ्यात रविवार, सोमवार आणि मागचे तीनशे दिवस त्याच एका तुकड्याकडे बोट दाखवत असतात. तो गेला की त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक तारीख गेली. यादीत बॅकअप तीनशे दिसतात, प्रत एकच असते. म्हणून दुसऱ्या जागेची प्रत ही पुढच्या वर्षीच्या बजेटवर ढकलायची गोष्ट नाही. डिड्युप घेणार असाल तर ती पहिल्याच कोटेशनमध्ये हवी.

जोडीला तीन गोष्टी करा. साठा झेडएफएससारख्या, चेकसम (डेटा तपासायचा आकडा) ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमवर ठेवा आणि महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणी) चालवा. बॅकअप सॉफ्टवेअरची स्वतःची पडताळणीही ठरावीक दिवशी चालू द्या, आणि ती तुकडे प्रत्यक्ष वाचून तपासणारी असावी; नुसत्या याद्या जुळवणारी पुरेशी नाही. रेस्टिकच्या चेकमध्ये डेटा वाचण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो, अनेकांना हे माहीत नसतं. आणि दुसरी प्रत पहिल्या साठ्याची आंधळी कॉपी नसावी. बोर्ग वापरणाऱ्यांनी साठा आरसिंकने (फाइली जशाच्या तशा कॉपी करणारा प्रोग्राम) दुसरीकडे ढकलण्याऐवजी दोन स्वतंत्र साठ्यांत स्वतंत्र बॅकअप घ्यावेत, नाहीतर खराब तुकडाही इमानेइतबारे पलीकडे पोचतो. रेस्टिकमध्ये एका साठ्यातून दुसऱ्यात बॅकअप नेणारी कॉपी कमांड आहे. दुसरा साठा तयार करताना पहिल्याचे चंकर पॅरामीटर (तुकडे कुठे पाडायचे ते ठरवणारे आकडे) घ्यायला विसरू नका. ते वेगळे असले तर दोन साठ्यांतले तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पुढे कधी त्या साठ्यात थेट बॅकअप घेतलात तर सगळा डेटा नव्याने लिहिला जातो.

१०. दुसरी प्रत किती लांब ठेवायची? आणि इंटरनेटची लाइन किती लागेल?

किलोमीटर मोजण्याआधी नदी बघा. सांगलीच्या कार्यालयाची प्रत कोल्हापूरच्या शाखेत, हा नकाशावर चांगला वाटणारा बेत ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्यात गेला असता: कृष्णा आणि पंचगंगा एकाच आठवड्यात पात्राबाहेर होत्या, आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ बंद असल्याने डिस्क गाडीने आणणंही शक्य नव्हतं. चिपळूण आणि महाड यांचंही तसंच, २२ जुलै २०२१ ला दोन्ही गावं एकाच दिवशी बुडाली. सांगलीने सोलापूर किंवा नागपूर धरावं, चिपळूणने पुणं. मुंबईत उपनगर बदलून भागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा अर्धं शहर एकदम थांबलं होतं. आणि सर्व्हर तळमजल्यावर असेल तर आधी तो वर न्या, हे पान नंतर वाचा.

क्लाउड घेतलं म्हणजे हा विचार संपतो असं नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यातल्या अनेकांचं दोन्ही गेलं. सर्व्हर क्लाउड कंपनीच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांचा गट) असेल तर बॅकअप हैदराबादला ठेवा.

आता लाइन. रेप्लिकेशनमध्ये (साठ्याची प्रत दुसऱ्या जागी पाठवत राहणं) पलीकडे नसलेले तुकडेच जातात, त्यामुळे रोजचा भार प्रश्न ४ मधल्या 'नव्या' आकड्याइतकाच. २० एमबीपीएस अपलोडवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण २ एमबी जातात. २० जीबीला पावणेतीन तास. रात्रीत सहज बसतं. अडचण पहिल्या प्रतीची: ३ टीबी त्याच लाइनवर पाठवायला रात्रंदिवस सतरा दिवस लागतील. म्हणून पहिली प्रत दोन्ही मशिन एकाच टेबलावर ठेवून, लॅनवर करा आणि मग दुसरं मशिन गाडीत घालून न्या. कुरियरने पाठवू नका. आणि लाइन घेताना अपलोडचा वेग लेखी विचारा. जाहिरातीतला मोठा आकडा बऱ्याचदा डाउनलोडचा असतो.

११. रेप्लिकेशन चालू आहे. आता रॅन्समवेअरची (डेटा एन्क्रिप्ट करून खंडणी मागणारा हल्ला) भीती नाही ना?

आहे. रेप्लिकेशन डिलीटसुद्धा पलीकडे नेऊ शकतं. हल्लेखोर आत शिरल्यावर आधी बॅकअप शोधतात, मग सर्व्हर एन्क्रिप्ट करतात.

बॅकअप सर्व्हर विंडोज डोमेनमध्ये (एकाच ठिकाणच्या लॉगिनवर चालणारं कार्यालयाचं नेटवर्क) जोडू नका. त्याचा पासवर्ड वेगळा, शक्यतो दोन-टप्प्यांचा लॉगिन. दुसऱ्या गावच्या मशिनने प्रत *ओढून* घ्यावी. मुख्य सर्व्हरकडे त्या मशिनचा पासवर्डच नसावा. जिथे ओढता येत नाही तिथे फक्त जोडता येईल, पुसता येणार नाही असा मोड लावा, रेस्टिकच्या रेस्ट सर्व्हरमध्ये तो आहे. पलीकडचं रिटेन्शन अलीकडच्यापेक्षा लांब ठेवा आणि 'मूळ साठ्यात नाही ते इथूनही काढा' ही खूण बंद असल्याची खात्री करा.

एक पळवाट कमी लोकांच्या ध्यानात येते. '३० दिवस पुसता येणार नाही' असं कुलूप मशिनच्या स्वतःच्या घड्याळावर चालत असेल, तर घड्याळ एक महिना पुढे सरकवलं की कुलूप उघडतं. तुमच्या उपकरणात यावर काय सोय आहे ते विकत घेण्याआधी विचारा.

१२. जुने बॅकअप काढून टाकले तरी जागा मोकळी होत नाही. का?

कारण तुम्ही फक्त यादी पुसलीत. तुकडे दुसऱ्या कोणत्या तारखेला लागतात का हे तपासून, न लागणारे काढणं हे गार्बेज कलेक्शनचं काम. ते वेगळं चालवावं लागतं. प्रॉक्समॉक्समध्ये तर वापरात नसलेला तुकडाही साधारण २४ तासांची मुदत उलटल्याशिवाय जात नाही. त्यात काढलेला बॅकअप ५०० जीबीचा दिसत असला तरी फक्त त्याचेच असे तुकडे ५ जीबीचेही नसतात.

या सफाईलाही थोडी जागा लागते. साठा १०० टक्के भरला की सफाई अडते आणि पेच पडतो. ८० टक्क्यांवर इशारा लावा. फोल्डरमध्ये जाऊन जुन्या दिसणाऱ्या फाइली हाताने डिलीट करायचा मोह आवरा, कारण प्रश्न ९.

१३. बॅकअप झटपट होतो, रिस्टोअर इतकं हळू का?

तुकडे वेगवेगळ्या दिवशी लिहिलेले, डिस्कभर विखुरलेले असतात. फिरत्या डिस्कला ते शोधत हिंडावं लागतं. म्हणूनच एसएमआर प्रकारच्या (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) स्वस्त डिस्क या कामाला घेऊ नका आणि याद्या-इंडेक्ससाठी एसएसडी द्या.

दुसऱ्या गावाहून सगळं परत आणायचं तर लाइनवर अवलंबून राहू नका. १०० एमबीपीएसवर ३ टीबीला तीन ते साडेतीन दिवस. मशिनच गाडीने आणणं जलद. ज्या एका सर्व्हरशिवाय काउंटर बंद पडतो, त्याची ताजी इमेज (पूर्ण डिस्कची प्रत) डिड्युप न करता वेगळ्या डिस्कवर ठेवा. जागा वाया जाते, जाऊ द्या.

१४. मराठी नावांच्या फाइलींवर बॅकअप अडतो. हे काय प्रकरण आहे?

दोन वेगळी प्रकरणं आहेत. विंडोजमध्ये फाइलीच्या नावाला २५५ अक्षरांची मुभा असते, लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये २५५ *बाइटची*. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, हलन्तसुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे हाती उरतात ८५ चिन्हं. काही एनएएसच्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये ही मर्यादा १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हं. 'वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त अंतिम प्रत दुरुस्तीसह' हे नाव तिथे मावत नाही. तुकड्यांच्या साठ्यात नावं आतच ठेवली जातात म्हणून बॅकअप बिनबोभाट होतो, पण लिनक्सवर रिस्टोअर करताना नेमक्या त्या फाइली गळतात.

दुसरं प्रकरण 'ऱ' चं. युनिकोडमध्ये तो एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असाही. मॅकची जुनी फाइल सिस्टिम दुसरा प्रकार वापरते. मग 'कऱ्हाड शाखा' नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी, दिसायला सारखी. डेटा डिड्युप होतो, पण याद्या दुप्पट होतात आणि कोणतं ताजं ते कळत नाही. छापखान्यांत मॅक आणि विंडोज दोन्ही असतात, तिथे हे हमखास. नावं बदलण्यापेक्षा मॅकवरचा डेटा एकाच मार्गाने सर्व्हरवर येईल असं बघा.

१५. झेडएफएसचाच डिड्युप चालू करून टाकू का?

नको. सरासरी ६४ केबीचे ब्लॉक धरले तर १ टीबीला त्याच्या टेबलासाठी साधारण ५ जीबी रॅम लागते, आणि ती कमी पडली की लिहिण्याचा वेग कोसळतो. बॅकअप सॉफ्टवेअर डिड्युप करतंय, तेवढं पुरे. दोन्ही ठिकाणी चालू ठेवून जास्त काही मिळत नाही.

१६. कायद्याने किती वर्षं ठेवावं लागतं? परदेशी क्लाउड चालतं का?

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीने हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवायची. ती संगणकावर असतील तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॅकअप *रोज* आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर हवा. परदेशात जास्तीची प्रत ठेवायला यात मनाई नाही, पण नुसती तीच चालणार नाही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. सहकारी संस्था आणि दवाखान्यांचे नियम वेगळे, ते तुमच्या लेखापरीक्षकांना विचारा.

आठ वर्षं ठेवायचं म्हणजे रोजचे बॅकअप आठ वर्षं ठेवायचे असं नव्हे. वर्षाअखेरीची एक प्रत पुरते.

१७. रिस्टोअरची चाचणी नेमकी कशी घ्यायची?

'बॅकअप यशस्वी' हा मेल म्हणजे चाचणी नव्हे. मूळ फोल्डर कोणी हलवलं असेल तर शून्य फाइलींचा बॅकअपही यशस्वीच होतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला तेव्हा त्यांना असंच कळलं: डंप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने बरेच दिवस होतच नव्हता, आणि त्याचे इशाऱ्याचे मेलही पोचत नव्हते.

तिमाहीला एकदा करा, आणि बॅकअप लावणाऱ्या माणसाने नव्हे तर दुसऱ्याने करावं, कागदावरच्या सूचना वाचून. रिकामा पीसी घ्या, *दुसऱ्या गावच्या* प्रतीतून मागच्या महिन्यातली एक तारीख काढा, टॅली उघडा आणि त्या दिवशीची एक लेजर शिल्लक अकाउंटंटकडच्या छापील कागदाशी जुळवा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मालकांनी 'किती वेळात चालू होईल' असं विचारलं की सांगायचा आकडा तोच.

१८. सॉफ्टवेअर बदलायचं आहे. जुना साठा नव्यात नेता येतो का?

बहुधा नाही, प्रत्येकाची तुकडे साठवायची पद्धत वेगळी असते. नवा साठा शून्यापासून सुरू करा आणि जुना त्याचं रिटेन्शन संपेपर्यंत फक्त वाचण्यासाठी राहू द्या. म्हणजे काही महिने डिस्क दुप्पट लागेल, ते बजेटमध्ये धरा. जुन्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, लायसन्स की आणि एन्क्रिप्शनचा पासवर्ड त्या डिस्कच्याच पाकिटात नव्हे, प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या जागी ठेवा. वर्षाचं सबस्क्रिप्शन संपल्यावर रिस्टोअर चालू राहतं की बंद पडतं हे बदलण्याआधी विक्रेत्याकडून लेखी घ्या.